कथकच्या ताईंना निरोप कसा द्यावा? (मालवण)

खानावळवाली, मालवण

नमस्कार मंडळी. माझी लेक कथक शिकते, प्रवेशिका प्रथमची परीक्षा नुकतीच दिली तिने. तिच्या ताई आता क्लास बंद करून कायमच्या पुण्याला लेकीकडे चालल्यात. साठी कधीच उलटली, गुडघे ऐकत नाहीत. गुरुपौर्णिमा झाली की निघणार. निरोप कसा द्यायचा यावरून पालकांच्या ग्रुपवर रणधुमाळी चालू आहे.

एक गट म्हणतो मामा वरेरकर नाट्यगृह घेऊ, शाल, श्रीफळ, मानपत्र, चार पुढारी बोलावू. दुसरा म्हणतो वर्गणी काढून सोन्याचं काहीतरी देऊ. ताईंचा स्वभाव असा की कौतुक सुरू झालं की "चला, पढंत म्हणा" (म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणा) करून विषयच मोडतात. शाल दिलीत तर ती पुण्याची गाडी पकडायच्या आत दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेलेली असेल, हे मी लिहून देते.

क्लास देवळामागच्या कोब्याच्या खोलीत. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं काही नवं नाही. पोरं किंचाळायची आणि ताई अंधारातच टाळी धरायच्या. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तीनतालात नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही, हात नुसता बाजूला. तिथे कुणाची टाळी वाजली की अंधारातून बरोबर त्या पोरीचं नाव यायचं! माझी लेक कितीतरी दिवस तिथेच सापडायची. आता जेवताना ताटावर बोटं वाजवते, पण नवव्या मात्रेला बोट वर.

मुलं सहा ते बारा वर्षांची. त्यांना झेपेल आणि ताईंना रुचेल असं काय करावं? आणि लहानग्यांना सांगावं कसं? एकीच्या आईने "ताई सुट्टीवर चालल्यात" असं सांगून ठेवलंय. मला ते बिलकूल पटलेलं नाही.

ठेकेदार (तबल्याचा, रस्त्याचा नव्हे), रत्नागिरी

नाट्यगृह विसरा. त्याच खोलीत करा, गुरुपौर्णिमेलाच. प्रत्येक मुलीने ताईंनी शिकवलेला एकेक तोडा (नाचाच्या बोलांची छोटी रचना) आधी हातावर टाळी धरून म्हणायचा, मग नाचायचा. लेहऱ्याला, म्हणजे नाचामागे फिरत राहणाऱ्या सुरावटीला, मोबाईलचं अ‍ॅप लावू नका, जिवंत पेटीवाला बघा. शेवटी सगळ्यांनी मिळून एक तिहाई (तोच बोल तीनदा) घ्यावी आणि तिसऱ्या वेळचा समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, 'धा' पोरींनी म्हणायचा नाही, ताईंकडे बघायचं. तो त्यांनी म्हणायचा.

दुसरं म्हणजे ताई जायच्या आधी त्यांच्या तोंडून सगळे तोडे, तुकडे, परणी, कवित्तं लिहून घ्या. नुसते बोल नकोत, मात्रांसकट. समेला फुली, खालीला शून्य, विभागाला उभी रेघ. बोल पाठ असतात, पण कुठली मात्रा अर्धी आणि कुठली पाव, ते बाई समोर नसल्या की कुणालाच आठवत नाही. फोनवर रेकॉर्डिंगही करा, पण वही हवीच.

तारकर्लीचो बापूस

माका विचारश्यात तर शालीची भानगडच नको. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडये वर ओढलेले, बापूस सगळे घराक. एरवी एका तरी बापसान क्लासाचा दार बघल्यान काय? त्येंकाच कामाक लावा. ताडपत्री, खुर्च्ये, चाय सगळा त्येंच्याकडे. मगे घावणे नि सोलकढी. भाषणा नको.

विशारद पूर्ण, कुडाळ

मी स्वतः लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठेकेदार, तुमची 'धा'ची कल्पना गोड आहे, पण ताईंचा गळा दाटला तर सम हुकेल आणि समारंभ राहील बाजूला, त्या पोरींनाच ओरडतील. 'धा' सगळ्यांनी म्हणू दे.

ताईंना काही देण्यापेक्षा त्यांच्या हातून काही घ्या. घुंगरू गुरूच्या हातून घ्यायचे असतात. पोरींचे घुंगरू नव्याने ओवा आणि त्या दिवशी पूजा करून ताईंच्या हातून प्रत्येकीला द्या. सुती दोरी घ्या, प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ, म्हणजे एक निसटलं तरी बाकीचे सांडत नाहीत. आपल्या खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि आतला लोखंडी गोळा गंजला की आवाज बसतो. म्हणून चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. फडक्याला चिंच लावून वरवर घासा, पुसा आणि लगेच चुलीजवळ वाळवा.

लहानग्यांना खरं सांगा. ताई पुण्याला राहायला जाणार, क्लासला येणार नाहीत. सुट्टी म्हटलंत तर पोरगी दर आठवड्याला दारात जाऊन उभी राहील. रडली तर रडू दे.

नव्या बाईंचंही आत्ताच बघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाचा अभ्यासक्रम सगळीकडे तोच, त्यामुळे पुढची परीक्षा, 'प्रवेशिका पूर्ण', अडायची नाही. पण परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, या नोव्हेंबरला पोरींना बसवू नका. बाई जयपूर घराण्याच्या असल्या तर पायांचं काम आणि चक्कर वाढतील, लखनौच्या असल्या तर भावावर भर येईल. पोरी "आमच्या ताई असं नाही करायच्या" म्हणणारच. ते ताईंच्याच तोंडून आधी ऐकवा, की नव्या बाई सांगतील तसं करायचं. तुमच्या तोंडून ऐकायच्या नाहीत त्या.

खानावळवाली, मालवण

सगळ्यांचे आभार. नाट्यगृहवाल्यांना घावण्यांवर गप्प केलंय. वहीचं काम आज सुरू झालं. ताई सांगतात, मी लिहिते, आणि दर दोन ओळींनी "वाचून दाखव" म्हणतात. पहिल्याच तोड्यात माझी मात्रा चुकली म्हणून लेक हसत होती, तर ओरडा तिलाच बसला.

तारकर्लीकर, तुमचं नाव चहाला लिहून टाकलंय. विशारदताई, जाड सुती दोरी कुडाळात कुठे मिळते? इथे सगळीकडे नायलॉनच दाखवतात.