अनुभव धागा : रात्री नऊनंतर रेंगाळणारं नेट (सांगली-मिरज परिसर)

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरानं मोडेम बदलला आणि तिसऱ्यांदा ते पैसे वाया गेले, म्हणून हा धागा उघडते आहे. सकाळी सहाला नेट सुसाट आणि रात्री नऊला साधं पान उघडत नसेल, तर दोष बहुतेक वेळा मोडेमचा नसतो. टेलिफोन एक्स्चेंजमधून पुढे जाणारी वाट तुंबलेली असते. हे कसं ओळखलंत, तक्रार कशी लावून धरलीत, ते लिहा. कंपनीचं नाव नको. वेळा आणि आकडे जरूर द्या. सुरुवात माझ्यापासून.

विश्रामबाग
तांब्याच्या तारेवरचं कनेक्शन, प्लॅन ८ एमबीपीएसचा. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, मीटिंगा रात्रीच्या. ऐन बोलण्यात आवाज तुटायचा आणि ती रडकुंडीला यायची. फोन केला की एकच उत्तर: मोडेम बंद करून चालू करा. लाइनमन दोनदा आले, दोन्ही वेळा सकाळी अकराला. तेव्हा स्पीड साडेसात. 'लाइन ओके' लिहून तक्रार बंद. दोष रात्रीचा आणि तपासणी दिवसाची!

मग मी वही घातली. २१ दिवस, सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री ९.३०. त्या वेळी वायफाय बंद, लॅपटॉप केबलनं थेट मोडेमला, घरात दुसरं कुणी नेटवर नाही. (हे फार महत्त्वाचं. घरातच कुणी सिनेमा उतरवत असेल तर सगळी मोजणी खोटी ठरते.) तीन गोष्टी लिहायच्या: मोडेमच्या पानावरचा डाउनस्ट्रीम रेट (एक्स्चेंज ते मोडेम या तारेवर जुळलेला वेग), प्रत्यक्ष डाउनलोड आणि मोडेमनंतरच्या पहिल्या टप्प्याचा पिंग (संदेश तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ). रेट तिन्ही वेळा ८ च्या आसपासच, म्हणजे घर ते एक्स्चेंज तार ठणठणीत. डाउनलोड मात्र सकाळी ७.४, रात्री ०.६. पिंग सकाळी २५ मिलिसेकंद, रात्री ३०० च्या वर.

वही घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं आणि एक्स्चेंजपासून पुढची लिंक भरल्याचं मान्य केलं. ती वाढायला चार महिने लागले. आता रात्री ५ च्या खाली जात नाही.

मिरज, निवृत्त तंत्रज्ञ
ताईंनी अगदी बरोबर मोजलंय. एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम नावाचं यंत्र असतं. शेकडो घरांच्या तारा त्यात येतात, पण तिथून पुढे सगळ्यांना मिळून एकच लिंक. पाटाची दारं सगळ्यांनी एकदम उघडली की कुणाच्याच सरीला पाणी पुरत नाही, तसंच हे.

अंतराचा त्रास वेगळा. एडीएसएल२+ म्हणजे तांब्याच्या तारेवरून नेट देण्याच्या पद्धतीची मजल २४ एमबीपीएसपर्यंत, पण ती एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घराला. चार किलोमीटरवर त्यातलं थोडंच उरतं, आणि ते चोवीस तास तेवढंच. तारेच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं असेल तर फोनवर खरखर येते. २०१९ च्या महापुरानंतर असे जॉइंट आम्ही कितीतरी दिवस दुरुस्त करत होतो. एक कळकळीची विनंती, लाइनमनवर ओरडू नका. लिंक वाढवणं त्याच्या हातात नाही.

मार्केट यार्ड
हळदीचा व्यापार. जीएसटीचं रिटर्न २० तारखेच्या रात्री भरायला बसायचो आणि पोर्टल अर्ध्यात अडकायचं. आता १८ लाच पहाटे उठून भरतो. त्रास गेलेला नाही, काम अडत नाही एवढंच.

माधवनगर
एकट्याच्या तक्रारीला 'तुमच्या घरातला दोष' म्हणतात. आम्ही अपार्टमेंटमधल्या ११ घरांनी एकाच रात्री तक्रारी नोंदवल्या, प्रत्येकाचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) एका कागदावर आणला आणि कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे धाडला. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र पाठवून आमचे दोन महिने गेले. पण ट्रायच्या २००६ च्या नियमांत गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा असं होतं. ते वाक्य अर्जात घातलं आणि उत्तराची भाषाच बदलली.

कुपवाड
फायबर घेतलं की सुटलो असं समजू नका. जीपॉनमध्ये, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, एका पोर्टचे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तेवढ्यानं सहसा अडत नाही. अडतं ते ऑपरेटरनं पुढची लिंक कमी घेतली तर. आमच्याकडे पहिलं वर्ष छान गेलं, मग घरं वाढली आणि रात्री पुन्हा तेच. जोडणी घेण्याआधी त्याच गल्लीतल्या जुन्या ग्राहकाकडे रात्री नऊला जाऊन स्पीड बघा.

गावभाग
माझी बारावी आहे, रात्रीचे क्लास बुडतात. वरचं वाचून मोजलं. पण माझ्याकडे डाउनस्ट्रीम रेटच सकाळी ६ एमबीपीएस आणि रात्री २ एमबीपीएस दिसतो. ही गर्दीच ना?

मिरज, निवृत्त तंत्रज्ञ
नाही बाळा, गर्दीनं रेट पडत नाही. तुझ्या तारेतच दोष आहे. त्याच पानावर एसएनआर मार्जिन बघ, म्हणजे तारेवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नलला किती वाव उरलाय तो आकडा. रात्री ६ डेसिबलच्या खाली जात असेल तर आकड्याचा फोटो काढ. फोन उचलून खरखर ऐक, आणि तक्रारीत 'स्पीड कमी' न लिहिता 'जॉइंट तपासा' असं लिही. रात्रीचे आकडे इथे टाक, मी बघतो.