चांदरातीला एकच रात्र हातात: आधी काय उरकायचं?

रंकाळावेस: रमजान ईदला शिरखुर्म्याला पंचवीस माणसं येणार, निम्मी तालमीतली. २९ व्या रोज्याला चांद दिसला तर मधे एकच रात्र. आधी काय करून ठेवता येतं? दूध फाटायची भीती आहे. आणि फित्र्याला (ईदच्या नमाजेआधी गरिबांना द्यायचं दान) गव्हाचा भाव रेशनचा धरायचा की बाजारातला?

शेवया_दोनदा_भाजू_नका: सुक्यामेव्याला चांद लागत नाही, ते आठवडाभर आधी उरका. २५ वाट्यांना म्हशीचं ५ लिटर दूध (आटून ४ व्हायला हवं), बारीक शेवया १५० ग्रॅम, खारीक पाव किलो, काजू-बदाम-पिस्ते मिळून ३०० ग्रॅम, चारोळी ५० ग्रॅम, साखर साधारण ४०० ग्रॅम. चारोळी विकत घेताना दोन दाणे चावून बघा. खवट निघाली तर अख्खं पातेलं गेलं. घरी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, फडक्यात घेऊन चोळायची, सालं सुटतात.

खारीक मात्र चांदरातीलाच भिजवा. सकाळी बी काढून उभे काप करायचे आणि तुपात परतायचे.

दूध फाटतं ते बहुतेक वेळा आंबूस खारकेनं किंवा मनुक्यांनी. मनुका घालायच्याच असतील तर गॅस बंद केल्यावर. सकाळचं नि संध्याकाळचं दूध कच्चं एकत्र करू नका, वेगवेगळं तापवून मग मिसळा.

बाजारात तपकिरी, भाजलेल्या शेवया मिळतात. त्या पुन्हा तुपात लाल केल्या की कडवट लागतात, नुसत्या गरम करा. शेवटी घालून दोन उकळ्या पुरे. दुपारपर्यंत त्या फुगून खीर घट्ट होते, म्हणून अर्धा लिटर तापवलेलं दूध बाजूला ठेवायचं.

दसराचौक: फित्र्याला भाव बाजारातला. हनफी पंथाच्या हिशेबात माणशी अर्धा साअ (जुनं धान्याचं माप) गहू, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो. ऐपत असलेल्यानं स्वतःचा आणि लहान मुलांचा द्यायचा. ईदच्या पहाटेआधी जन्मलेलं बाळही त्यात आलं. पाच जणांचे पावणेनऊ किलो झाले. जव, खजूर किंवा मनुका धरल्या तर दुप्पट वजन. मशिदीत रुपयांतला आकडा सांगतात, तो पाळला तरी चालतं. नमाजेआधी दिला पाहिजे हे खरं, पण मोहल्ल्यातल्या गरजू घरात तो ईदच्या सकाळी पोचून काय उपयोग? त्यांनी खरेदी कधी करायची? चार दिवस आधी द्या.

रंकाळावेस: आभारी आहे. धाकटा ईदच्या नमाजेला पहिल्यांदाच मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर येणार आहे. जादा तकबिरींत ('अल्लाहु अकबर' म्हणण्यात) गोंधळतो.

दसराचौक: सहा जादा आहेत. पहिल्या रकातीत (नमाजेच्या फेरीत) सना, म्हणजे सुरुवातीची स्तुती, झाल्यावर तीन: दोनदा हात उचलून सोडायचे, तिसऱ्यानंतर बांधायचे. दुसऱ्या रकातीत त्या किरातीनंतर (कुराणपठणानंतर) येतात आणि तिन्ही वेळा हात सोडायचे. चौथी तकबीर रुकूची, म्हणजे वाकण्याची, तिला हात उचलायचे नाहीत. पोरं तिसरीलाच वाकतात ती इथं. नमाजेनंतर खुतबा (इमामाचं प्रवचन) असतो, लगेच उठू द्यायचं नाही. निघताना खजूर खायला द्या, एक किंवा तीन.

गंगावेस_कट्टा: दुधाचं आधी ठरवा. २०२५ ला ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद आली होती; श्रीखंड आणि शिरखुर्मा दोन्हींना दूध एकाच गोठ्यातलं. गवळीदादांना २९ रोजे धरून आणि ३० रोजे धरून अशा ईदच्या दोन्ही तारखा सांगून ठेवायच्या आणि चांद दिसल्यावर फोन करायचा. रजेच्या अर्जातही तसंच लिहा, 'चंद्रदर्शनानुसार एक दिवस मागेपुढे'. कॅलेंडरवरची सुट्टी चांदाला विचारून छापलेली नसते.