अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ इंटरफेसचा आवाज तुटतोय, मदत हवी आहे

लिनक्स लॅपटॉपवर सिस्टीम अपडेट केल्यापासून गाणं थांबवून पुन्हा लावलं की पहिले २-३ सेकंद आवाजच नसतो, मग चरचरत येतो. ‘एलएसयूएसबी’मध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) इंटरफेस, म्हणजे बाहेरचं साउंड कार्ड, दिसतो, ‘एप्ले -एल’मध्ये (साउंड कार्डांची यादी) कार्डही दिसतं. बूट मेनूतून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडला की सगळं सुरळीत, म्हणजे केबल किंवा इंटरफेस बिघडलेला नाही.

हब काढून थेट पोर्टला जोडून पाहिलं, फरक नाही. पाइपवायरचा (लिनक्समधली आवाज हाताळणारी यंत्रणा) बफर २५६ वरून १०२४ केल्यावर चरचर बरीच कमी झाली, पण सुरुवातीचा आवाज अजून जातोच. पाइपवायरचा व्यवस्थापक वायरप्लंबर ५ सेकंद शांततेनंतर कार्ड सस्पेंड करतो, म्हणजे झोपवतो. ती मुदत ० करून तेही बंद केलं. तरी तसंच.

आता संशय कर्नलच्या यूएसबी ऑटोसस्पेंडवर (वापरात नसलेलं उपकरण वीज वाचवायला आपोआप झोपवणं) आहे. ते सरसकट बंद करायचं नाही, बॅटरी लवकर उतरते. फक्त या एकाच इंटरफेसचं ‘पॉवर/कंट्रोल’ (वीजबचतीची सेटिंग) कायम ‘ऑन’ राहील असा यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नियम लावणारा लिनक्सचा भाग) नियम कसा लिहायचा? व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी काढून ठेवलेत. शिवाय दोन्ही कर्नलचे ‘डीमेसेज’ लॉग (कर्नलच्या संदेशांची नोंद) ताडताना नेमक्या कोणत्या ओळी बघायच्या, तेही कृपया सांगा.