तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येईल असा पाच हजारांच्या आतला हेडफोन सुचवावा

नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराला लागून राहते आणि सहा वर्षांपासून गाणे शिकते. बाईंनी दिलेली ध्वनिमुद्रणे रोज संध्याकाळी दोन तास ऐकून ताना उतरवून घेणे हा माझ्या रियाजाचाच भाग आहे. परंतु भिंतीपलीकडे लेथचे वर्कशॉप असल्यामुळे ते फार कठीण झाले आहे.

माझी पट्टी काळी पाच (पेटीची पाचवी काळी), म्हणजे षड्ज (सा) सुमारे २३३ हर्ट्झचा, त्यामुळे तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सा ची, तार ११६ हर्ट्झच्या आसपास बोलते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने मोटारींची घरघर १०० हर्ट्झला ठळक असते. दोन्ही इतके जवळ आहेत की खर्ज तिच्यात बुडतो आणि षड्जाचा आधारच सुटतो.

मैत्रिणीचा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स आठवडाभर वापरून पाहिला. तो बंद पाठीचा (कानावरच्या वाट्या मागून बंद असलेला), ४७ ओहमचा असून मोबाइलवरही पुरेसा वाजतो. जवारी (तंबोऱ्याच्या तारांचा झणझणता नाद) इतकी स्वच्छ ऐकू आली की मन भरून आले. कर्कश आवाज बरेच अडले, घरघर मात्र आत आलीच. माझ्या चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते. चष्मा काढला की खर्ज लगेच भरीव होतो, पण मग वहीतले नोटेशन दिसत नाही.

भावाचे फोमच्या बोंडांचे इअरफोन बाहेरचा आवाज याहून चांगला अडवतात. मात्र तासाभरात कान दुखतात, आणि सोबत गुणगुणले तर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे सूर तपासता येत नाही.

एका दुकानात नॉइज कॅन्सलेशनचा (बाहेरचा आवाज उलट ध्वनीने पुसणारा) हेडफोन दहा मिनिटे लावून पाहिला. पंख्याची घरघर जवळपास नाहीशी झाली, पण खर्ज जाड आणि जवारी मंद वाटली. हा फरक नॉइज कॅन्सलेशन सुरू केल्यामुळे पडतो, की त्या हेडफोनची घडणच तशी होती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सुविधा सुरू असताना आणि बंद असताना स्वर सारखाच राहतो, असा या किमतीतला हेडफोन कुणी वापरला आहे का?

थोडे पैसे आणखी साठवून सेनहायझर एचडी २८० प्रो घेण्याचाही विचार आहे. ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडतो, असा कंपनीचा दावा आहे. पण १०० हर्ट्झच्या घरघरीला, तेही चष्मा लावून, त्याचा कितपत उपयोग होतो? कोल्हापुरात कुणाकडे तो असल्यास, आपल्या सोयीने माझी ध्वनिमुद्रणे घेऊन ऐकायला येईन.