मलावीला व्हॉलंटियर म्हणून चाललेय पण राहायचं कुठं तेच कळेना

सिस्टर_सोलापूर:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात स्टाफ नर्स आहे, एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या मलावीला व्हॉलंटियर म्हणून सिलेक्शन झालंय, तिथल्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या पोरींना शिकवायचं काम. पत्रात एवढंच लिहिलंय की नॉर्दर्न रीजन, मुझुझूच्या जवळ, राहायची सोय केली जाईल. खाली पत्ता आहे तो पण कसला तर प्रायव्हेट बॅग नंबर अमुक, मॅपवर टाकला तर पोस्ट ऑफिस दाखवतंय! आई गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलीय की पोरीला अजून घरच मिळालं नाही, जशी काय मी तिथं झाडाखाली पथारी टाकणारे. संस्थेला मेल केला तर म्हणे नंतर कन्फर्म करू. असंच असतं का? कुणी गेलेलं असेल तर सांगा प्लीज.

कन्ना_चौक:
पत्ता देत नाहीत म्हणजे गडबड आहे ताई. पैसे मागितले का? आजकाल व्हॉलंटियरच्या नावाखाली लोकांकडनंच लाखभर उकळतात.

सिस्टर_सोलापूर:
नाही ओ, उलट तिकीट, विमा आणि महिन्याचा भत्ता तेच देतायत.

झोंबा_रिटर्न:
मग गडबड नाही. मी बार्शीचा, दक्षिण मलावीत झोंब्याला शाळेवर होतो. तिकडं पोस्टमन घरोघरी येत नाही, पत्र पोस्टातल्या बॉक्समध्ये नाहीतर प्रायव्हेट बॅगमध्ये पडतं आणि ऑफिसचा माणूस जाऊन आणतो, त्यामुळं त्या पत्त्यावरून घराचा काही पत्ता लागत नसतो. राजधानीत तर आणखी मजा, लिलाँगवेत भागांना नुसते नंबर, एरिया ३, एरिया ४७, आणि ते पण ओळीनं नाहीत, ३ च्या शेजारी ४ असेलच असं काही नाही.

घर संस्था देत नाही, तू जिथं काम करणार ते हॉस्पिटल देतं. आधीचा माणूस क्वार्टर सोडेपर्यंत ते तरी काय सांगणार? मला लिलाँगवेत उतरून ओरिएंटेशन चालू झाल्यावर कळलं. त्यामुळं घराचा पत्ता द्या असं विचारू नको, त्याला नंतर कळवू हेच उत्तर येतं. असं विचार की पाणी घरात आहे का बाहेर हापशावर, लाईट आहे का आणि जाते किती वेळ, हॉस्पिटलपासून चालत किती लांब, रात्रपाळी असेल तर येणार कशी, खिडक्यांना जाळी आहे का कारण मलेरिया आहे, आणि सोबत कोण राहणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीच्या व्हॉलंटियरचा नंबर माग. संस्थेच्या पन्नास मेलपेक्षा त्या माणसाचा एक व्हॉट्सॲप कॉल बरा.

उजनीचं_पाणी:
पाण्याचं टेन्शन सोलापूरच्या पोरीला कशाला ओ, आपल्याकडं चार-पाच दिवसाआड नळ येतो, तिकडं हापसा रोज तरी चालेल.
आणि आपले सोलापूरचे कोटणीस डॉक्टर १९३८ ला जपान-चीन युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, हँकौ झालं, चुंगकिंग झालं, मग येनान, युद्ध सरकेल तसं हलत राहिले. त्यांना काय आधी रूम नंबर दिलता? भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, आईला दाखवून आण.

कन्ना_चौक:
काय बे, ते १९४२ ला ३२ व्या वर्षी तिकडंच वारले. हे उदाहरण हिच्या आईला सांगतो का तू??

उजनीचं_पाणी:
बरं राहू दे स्मारक.

होटगी_रोड:
आईसाठी एक सांगते, माझा भाऊ नेपाळला होता तेव्हा आम्ही पण असंच करायचो. घर कळेल तेव्हा कळेल, आत्ता लिलाँगवेतला आपला भारतीय हायकमिशनचा नंबर आणि संस्थेच्या तिथल्या माणसाचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव. वेळ पण लिहून ठेव, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहेत, नाहीतर आई सकाळी सहाला फोन लावेल आणि तिकडं मध्यरात्र.

सिस्टर_सोलापूर:
लई उपयोग झाला! प्रश्न तसेच्या तसे पाठवले आणि खरंच उत्तर आलं. हॉस्पिटलच्या आवारातच क्वार्टर, एका मिडवाइफसोबत शेअर, पाणी बोअरवेलचं, लाईट जाते म्हणे बऱ्याचदा. आधीच्या ताईचा नंबर पण मिळाला, आज रात्री बोलणारे. आता दोन प्रश्न, तिथली चिचेवा भाषा शिकायला घेतलीय ती चालेल ना? आणि चादर नेऊ का?

झोंबा_रिटर्न:
चिचेवा चालेल, पण उत्तरेत लोक घरी तुंबुका बोलतात, पेशंटशी बोलायचं तर ती शीक, म्हातारी माणसं खूश होतात. चादर ने, मुझुझू उंचावर आहे, जून-जुलैत चांगलीच थंडी वाजते. चार्जरला ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनची प्लग घे.

सिस्टर_सोलापूर:
आई कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं पोतं भरायलीय 😄

झोंबा_रिटर्न:
भाकरी ने, तिथं रोज मक्याच्या पिठाची न्सिमा, पंधरा दिवसात आठवण येते. शेंगदाणे मात्र नेऊ नको, तिथं ढिगानं पिकतात, फक्त लसूण आणि तिखट ने आणि तिथंच कूट.