फार्मसीला जायच्या आधी हॉस्पिटलच्या औषध विभागात महिनाभर काम करून बघता येतं का? (रत्नागिरी)

पावसची_पालक

मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी. फार्मसी करायची म्हणते. पण फार्मसी म्हटलं की तिच्या, आणि खरं सांगायचं तर आमच्याही, डोळ्यांसमोर मेडिकलचं काउंटर एवढंच येतं. परीक्षा झाल्यावर एखाद्या हॉस्पिटलच्या औषध विभागात बिनपगारी मदतनीस म्हणून घेतात का? परवानगी कुणाची लागते? काय काम देतात? आणि हे तास पुढे डी.फार्म.च्या ट्रेनिंगमध्ये धरले जातात का? एसटीने रोज रत्नागिरीला जाता येईल, तो प्रश्न नाही.

ओपीडी_खिडकी_नं_३

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, ताई. नाही धरत. डी.फार्म.ची दोन वर्षं झाल्यावर ५०० तासांचं ट्रेनिंग असतं. ते किमान तीन महिन्यांचं, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली, आणि त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्यात जायला हवेत. बारावीनंतरच्या कामातला एक तासही त्यात जमा होत नाही. कुणी "सर्टिफिकेट जोडून देतो" म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा.

सरकारी दवाखान्यात स्वयंसेवकांसाठी वेगळी खिडकी नसते, साधा अर्ज करायचा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर अधिष्ठात्यांच्या. सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, आधारची प्रत, वय १८ च्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्र. अर्जात "सेवा करायची आहे" असं मोघम लिहू नका, असे अर्ज फायलीत पडून राहतात. "अमुक तारखेपासून चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळच्या ओपीडीच्या वेळेत, औषध भांडारात साठा मांडणे व नोंदींना मदत" एवढं नेमकं लिहा. आणि अर्ज द्यायच्या आधी तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना भेटून या. ते "पाठवा" म्हणाले तर सही लवकर होते. त्यांचीच तयारी नसेल तर वरून परवानगी आणूनही मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहील.

काय करता येणार नाही ते आधीच माहीत असू दे. औषध पेशंटच्या हातात देणं आणि "हे असं घ्या" सांगणं. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ त्यासाठीच आहे. खिडकीवर गर्दी झाली की "जरा एवढी पाकिटं दे गं" असं कुणीतरी म्हणतंच. तिथे नम्रपणे नाही म्हणायला तिला घरातूनच शिकवून पाठवा.

माझं मत विचाराल तर खिडकीचा हट्ट धरूच नये, स्टोअर मागून घ्यावं. खिडकीवर चिठ्ठी येते आणि स्ट्रिप जाते, तासाभरात कंटाळा येतो. हा धंदा खरा कळतो तो मागच्या खोलीत. तिथे पहिला नियम असा, की आधी आलेलं नव्हे, आधी मुदत संपणारं पुढे. दोन्ही एकच वाटतं, पण नव्या खेपेत जुन्या खेपेपेक्षा जवळची एक्स्पायरी येते आणि नवा खोका मागे ढकलला की फसगत होते. दुसरं बिन कार्ड. तारीख, बॅच, आवक, जावक, शिल्लक. कार्डावर १,२०० आणि रॅकवर १,१५०, असा फरक निघाला की बहुतेक वेळा चोरी नसते. १० गोळ्यांच्या आणि १५ गोळ्यांच्या स्ट्रिप एकाच हिशेबाने मोजलेल्या असतात. हा ५० चा घोळ शोधायला बसल्यावर तिला मजा येते की डोकं दुखतं, तेवढं बघा.

महिना निवडताना मे नको. सीईटी होऊ दे आणि जूनमध्ये पाठवा, तसेही प्रवेशाचे राउंड लांबतात. आपल्याकडचं औषध भांडार पावसात बघण्यासारखं असतं. भिंतीला टेकलेला खोका आठवड्यात मऊ पडतो, म्हणून फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. ओआरएसच्या पुड्यांचा दगड होतो. ॲस्पिरिनच्या डब्याचं झाकण उघडल्यावर शिरक्यासारखा वास आला तर ओलाव्याने गोळी फुटून ॲसेटिक ॲसिड सुटलंय, डबा बाद. कॅप्सूल एकमेकींना चिकटतात.

मग फ्रीज. इन्सुलिन, लसी २ ते ८ अंशांत. थर्मामीटर दारात नाही, मधल्या कप्प्यात मालाच्या मध्ये. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा, आणि तो बघून लिहायचा. महिनाभर ओळीने ४, ४, ४ दिसलं की समजायचं कुणी दारच उघडलेलं नाही. लाईट गेली की पहिलं काम म्हणजे फ्रीज न उघडणं. आणि लोकांना उष्णतेचीच भीती असते, पण गोठणंही तेवढंच वाईट. बर्फाच्या कप्प्याला टेकलेलं इन्सुलिन गोठून परत वितळलं तर दिसायला कधी कधी ठीक दिसतं, तरी टाकूनच द्यायचं. (कुणाचं ताक त्या फ्रीजमध्ये दिसलं तर तिने गप्प बसू नये.)

लावणी सुरू झाली की सर्पदंशाच्या लशीचा साठा रोज मोजतात. आपल्याकडची लस चार सापांवर चालते : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) लागतात, म्हणून "पाच शिल्लक आहेत" म्हणजे एका माणसालाही पुरत नाही. पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती हलके फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि वेळ जातो. हे काम वॉर्डातलं, तिचं नाही. पण स्टोअरमध्ये दहाच्या गठ्ठ्यात का ठेवतात ते तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. विंचवासाठी प्राझोसिन इमर्जन्सी ट्रेमध्ये दिसेल. ते मुळात रक्तदाबाचं औषध. विंचूदंशावर ते वापरायचं काम महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पुढे आणलं. असं काही समोर आलं की वहीत लिहायला सांगा.

मेडिकल_चिपळूण

वरचं सगळं बरोबर, पण अर्धंच चित्र. सरकारी स्टोअरमध्ये बिल नाही, उधारी नाही, "तीच कंपनी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक नाही. पास झाल्यावर बऱ्याच जणांची पहिली नोकरी दुकानातच असते, तेव्हा चारपैकी एक आठवडा एखाद्या मेडिकलमध्ये बसवा. अट एकच, फार्मासिस्ट स्वतः हजर असलेलं दुकान. भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो आणि काउंटरमागचा चेहरा जुळतोय का ते बघूनच ठरवा. नुसतं सर्टिफिकेट भाड्याने टांगलेल्या ठिकाणी शिकाल ते उलटंच.

तिथे तिने एच१ चं रजिस्टर बघावं, म्हणजे ज्या औषधांची विक्री वेगळी नोंदवावी लागते त्या यादीची वही. १ मार्च २०१४ पासून लागू आहे. काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या यांत येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि वही ३ वर्षं जपायची. गर्दीत ही नोंद "नंतर लिहू" म्हणून राहते आणि रात्री आठवणीने भरली जाते. चूक तिथेच शिरते.

गणपतीत तर जरूर बसवा. चाकरमानी बीपीच्या गोळ्या मुंबईला विसरून येतात आणि "ती लहान गुलाबी गोळी" मागतात. गुलाबी रंगाच्या गोळ्या डझनावारी. रंगावरून औषध द्यायचं नाही, घरी फोन लावून स्ट्रिपचा फोटो मागवायचा. बोटीवरचे आणि आंब्याच्या बागेतले नेपाळी कामगार येतात, त्यांना मराठी चिठ्ठी वाचता येत नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे, आणि "आता तुम्ही सांगा, कशी घेणार?" असं उलट विचारायचं.

खालचा रॅक रिकामा का, हे चिपळुणात कुणाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ आठवतोच. पुराच्या पाण्यात गेलेली स्ट्रिप वरून कोरडी, चकचकीत दिसली तरी ती विकायची नाही.

फार्मसी_मॅडम

पालकांसाठी थोडं. डी.फार्म. दोन वर्षं, महाराष्ट्रात प्रवेश बारावीच्या गुणांवर. बी.फार्म. चार वर्षं, सीईटीवर. डी.फार्म. करून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरायचं काम आवडलं तर फार्म.डी. आहे, सहा वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं. डी.फार्म.नंतर नोंदणीआधी एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये आले आहेत, तेही वाचून ठेवा. फी भरायच्या आधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, हे कौन्सिलच्याच वेबसाइटवर बघा. कॉलेजच्या फलकावर नको.

मुलीला आवड आहे का, हे घरी अर्ध्या तासात कळेल. तिला हे गणित घाला. अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप, ५ मिली, दिवसातून तीनदा, ७ दिवस, बाटली ३० मिलीची. किती बाटल्या? १०५ मिली, म्हणजे ४. इथपर्यंत सगळ्या मुली येतात. पुढचा प्रश्न : चारही आजच कालवून द्यायच्या का? नाही. पाणी घातल्यावर औषध साधारण ७ दिवसच टिकतं, म्हणून एक संपली की दुसरी कालवायची. कालवताना आधी बाटली थोपटून पावडर सुटी करायची, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्मं घालून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा परत खुणेपर्यंत. सगळं पाणी एकदम ओतलं तर तळाशी गोळा बसतो. मग पहिले डोस पातळ आणि शेवटचे जाड.

दुसरं गणित पॅरासिटामॉलचं. १० किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम द्यायचंय. १२५ च्या (५ मिलीत १२५ मिलीग्रॅम) सिरपमधून ६ मिली, २५० च्या सिरपमधून ३ मिली. बाटल्या सारख्याच दिसतात आणि आई मागच्या वेळचा "६" लक्षात ठेवून येते. इथे जिचं बोट आपोआप लेबलवरच्या आकड्याकडे जातं, ती या कामाला योग्य.

दोडामार्गकर

ताईनू, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या पाण्यातून होणारो ताप) गोळयेचा पण बघूक सांगा. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिन देतात, आठवड्यातून एकदाच २०० मिलीग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल एकदम. लोक ऐकतात "दोन गोळ्या" आणि रोज दोन घेत बसतात. पाकिटावर वार लिहून द्यायचा, "दर सोमवारी". जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पावसची_पालक

सगळ्यांचे आभार. गणित घातलं. ४ बाटल्या लगेच आल्या, पण चारही आजच कालवल्या. कारण समजल्यावर फ्रीजमधली स्वतःच्या भावाची जुनी सिरपची बाटली काढून ओतून आली. जूनसाठी अर्ज लिहितोय. आणखी काही तयारी?

ओपीडी_खिडकी_नं_३

भावाच्या बाटलीचं छान झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी चे डोस झालेत का बघा. हिपॅटायटिसचे तीन असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी, त्यामुळे राहिले असतील तर पहिला आत्ताच. बंद चपला. सुया पडलेल्या दिसल्या तर हात लावायचा नाही, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत जातात, घरच्या कचऱ्यात नाही. मोबाईल पिशवीत. चिठ्ठीचा, केसपेपरचा फोटो कुठल्याही ग्रुपवर नाही, नाव झाकून सुद्धा नाही. आपल्या गावात नुसतं औषध वाचून माणूस ओळखतात. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा.