शब्दचर्चा : ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : विद्यापीठांच्या परदेशी संशोधन-करारांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘मानवाधिकार ड्यू डिलिजन्स’ला कोशातली ‘यथोचित तत्परता’ लावली, पण वाक्य मलाच कळेना. आणि ‘अकाउंटेबिलिटी’ला ‘जबाबदारी’ चालेल का?

पहिले उत्तर : ‘तत्परता’ नको. त्यातून लगबग दिसते, आणि हे तर सावकाशीचे खोदकाम. ‘पडताळणी’ बरी, पण ती एकदा शिक्का मारला की संपते. संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या मार्गदर्शक तत्त्वांतले सतरावे तत्त्व सतत चालणारी कामे सांगते : लोकांना काय अपाय होऊ शकतो ते हुडकणे, त्यावर पावले उचलणे, त्यांचा उपयोग झाला का यावर लक्ष ठेवणे आणि केलेले उघड सांगणे. ही तत्त्वे उद्योगांसाठी लिहिलेली आहेत, हेही तळटीपेत येऊ द्या. मी ‘मानवाधिकार-दक्षता’ लिहीन.

दुसरे : ‘दक्षता’ म्हटले की आपल्याकडे लाचलुचपतच आठवते. तरी जोडशब्दात खपेल. खरा घोळ ‘जोखीम’ या शब्दात आहे. कंपनी विकत घेतानाच्या ड्यू डिलिजन्समध्ये जोखीम खरेदीदाराची. इथे ती तिसऱ्याच माणसाची. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१९मध्ये चीन, रशिया आणि सौदी अरेबियाशी संबंधित प्रकल्पांसाठी वेगळी छाननी आणली. तिच्या यादीत बौद्धिक संपदा, निर्यात-नियंत्रण, राष्ट्रीय सुरक्षा आणि मानवाधिकार एकाच ओळीत बसले. म्हणून नुसते ‘जोखीम’ लिहू नका, ‘कोणाला’ ते लिहा.

पहिले : ‘अकाउंटेबिलिटी’लाही हीच कसोटी. जबाबदारी आपली आपण घेता येते. उत्तरदायित्वाला जाब विचारणारा लागतो. ‘विद्यापीठ … उत्तरदायी आहे’ या वाक्यातली रिकामी जागा भरून पाहा. निधी देणाऱ्याला? की ज्याच्या रक्ताचा नमुना घेतला त्याला? (‘जबाबदेही’ हिंदीतून आली, अडत नसेल तर टाळावी.)

प्रश्नकर्ती : ‘काँट्रिब्यूट टु हार्म’ला ‘हानीला हातभार’ लिहिले आहे.

दुसरे : हातभार चांगल्या कामाला लावतात! ‘हानीत हात असणे’ म्हणा. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत तीन पायऱ्या आहेत : हानी स्वतः करणे, तिच्यात हात असणे, आणि भागीदाराच्या कामामुळे तिच्याशी थेट संबंध येणे. तिसऱ्या पायरीवर भागीदारावर आपले ‘वजन’ वापरायचे असते. ‘लेव्हरेज’ला याहून चांगला शब्द नाही, ‘तरफ’ लिहिलेत तर यंत्रशाळा होईल.

पहिले : एक राहिले, ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’साठीची ‘माहितीपूर्ण संमती’. संमती माहितीने भरलेली नसते. ‘समजून-उमजून दिलेली संमती’ म्हणा. चीनमधल्या सुमारे ३८,००० पुरुषांच्या डीएनएवरचा एक निबंध ‘ह्यूमन जेनेटिक्स’ या संशोधनपत्रिकेने २०२१मध्ये मागे घेतला. लेखकांनी नैतिकता समितीची मंजुरी आणि संमतीची कागदपत्रे दिली होती, पण संमती कशी घेतली याची खात्री पटण्याइतका तपशील त्यांत नव्हता. अर्जावर सही असते. ‘नाही’ म्हणायची मुभा होती का, ते सहीवरून कळत नाही. शब्द निवडताना ती मुभा सुटू देऊ नका.